शंभर टाकणे वेगळे, शंभर करणे वेगळे

रंगाईच्या धंद्यात माल बिघडला की दोष ठरलेल्या जागी जातो. कधी पाणी खराब होते, कधी रंग भेसळीचा निघाला, कधी कारागिराने वाफ कमी दिली. आम्हीही पंचवीस वर्षे हेच म्हणत आलो. परंतु एकदा आमचा एक लॉट असा बिघडला की त्याचे कारण पाण्यात नव्हते, रंगात नव्हते, वाफेतही नव्हते. ते एका काचेच्या नळकांड्यात होते, आणि ते शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. हा लेख त्या तीन आठवड्यांची कमाई आहे. आपल्या रंगरेज, धुलाईवाल्या आणि कापड व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

आमचा मूळ व्यवसाय कापडाचा. कोरा माल घ्यायचा, रंगवून घ्यायचा आणि विकायचा. पुढे भागीदारीत एक लहान डाय हाऊस घेतले. दोन जिगर, एक बॉयलर, एक उस्ताद, सहा कामगार आणि कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशाला 'लॅब' नावाची एक टेबल. या टेबलावर नमुने रंगवले जात.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने दुपट्ट्यासाठी हलका बदामी रंग मागितला. आम्ही नमुना करून पाठवला. त्यांनी तो पसंत करून सही केली. आम्ही त्याच हिशेबाने २०० किलो, म्हणजे सुमारे १८०० मीटर माल रंगवला. माल गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. नमुना बदामी होता, माल राखेरी झाक मारत होता. दोन्ही शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही फरक कळावा. व्यापाऱ्याची काहीच चूक नव्हती. त्यांच्या सहीचा तुकडा आमच्यासमोर होता. तो माल आम्ही सेकंडच्या भावाने काढला आणि घाटा सोसला.

नुकसान कोठून आले?

उस्ताद म्हणाले, "सेठ, वजन मी स्वतः केले. काट्यात फरक नाही." आम्ही काटा तपासला, बरोबर होता. रंगाचे डबे तेच. पाणी त्याच विहिरीचे. पुन्हा नमुना केला, तर तो पुन्हा बदामीच आला! म्हणजे नमुना नेहमी एक सांगतो आणि माल दुसरेच करतो. उस्तादांनी हात टेकले.

आमच्या मोहल्ल्यात रसायनशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही त्यांना डाय हाऊसवर आणले. त्यांनी काही विचारले नाही. नमुने करणाऱ्या मुलाला एवढेच म्हणाले, "बेटा, तू रंगाचे पाणी कसे करतोस ते माझ्यासमोर कर."

मुलाने एक टक्क्याचे द्रावण घेतले. त्यातले १० मिलिलिटर नळकांड्यात मोजले, बाटलीत ओतले आणि वर १०० मिलिलिटर पाणी टाकले.

मास्तर म्हणाले, "हे किती टक्क्यांचे झाले?"

"०.१ टक्का. दहाचे शंभर केले ना, सर."

"दहाचे शंभर केलेस की दहात शंभर टाकलेस?"

मुलगा गप्प झाला, आणि खरे सांगायचे तर आम्हीही गप्प झालो. दहात शंभर टाकले की होतात एकशे दहा. रंग दहाव्या हिश्श्यावर नाही, अकराव्या हिश्श्यावर आला. ०.१ टक्का समजून आम्ही जे वापरत होतो ते ०.०९१ टक्का होते. आणि निळ्या रंगासाठी तर मुलगा हीच चूक दोनदा करत होता, कारण निळा फार थोडा लागत असल्याने त्याचे ०.०१ टक्क्याचे द्रावण दोन पायऱ्यांनी बनत होते. अकरा गुणिले अकरा, एकशे एकवीस. शंभराव्या हिश्श्याऐवजी निळा एकशे एकविसाव्या हिश्श्यावर गेला होता.

आता मालाचा हिशेब पाहा. आमच्या शेडमध्ये कापडाच्या वजनावर पिवळा ०.०५ टक्का, लाल ०.०२ टक्का आणि निळा ०.००४ टक्का होता. २०० किलोला पिवळा १०० ग्रॅम, लाल ४० ग्रॅम आणि निळा ८ ग्रॅम. हे रंग उस्तादांनी काट्यावर तोलून टाकले, म्हणजे पुरे पडले. नमुन्यात मात्र तिन्ही रंग पातळ द्रावणातून गेले होते, म्हणजे कमी पडले होते. म्हणून नमुन्याच्या मानाने मालात पिवळा व लाल दहा टक्के जास्त झाले आणि निळा एकवीस टक्के जास्त झाला. नमुन्याशी जुळण्यासाठी निळा ६.६ ग्रॅम हवा होता, पडला ८ ग्रॅम. दीड ग्रॅमदेखील नाही! चिमूटभर निळ्याने दोनशे किलो माल खाल्ला. उस्ताद खरे बोलत होते, काटाही खरा होता. खोटे होते ते द्रावण.

पातळ करणे म्हणजे काय?

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे 'महलूल' म्हणजे द्रावण, 'मुर्तकिज' म्हणजे तीव्र, हे शब्द पाठ केले, परीक्षा दिली आणि विसरलो. मास्तरांनी एका वाक्यात समजावले. पाणी घालून पातळ करताना रंग कमी होत नाही, फक्त त्याची जागा वाढते. वाटीभर डाळीत तांब्याभर पाणी घातले तर डाळीचे दाणे तेवढेच राहतात. म्हणून हिशेब असा:

पहिली ताकद गुणिले पहिले माप बरोबर दुसरी ताकद गुणिले दुसरे माप.

१ टक्क्याच्या द्रावणापासून ०.१ टक्क्याचे १०० मिलिलिटर हवे. ०.१ गुणिले १०० म्हणजे १०. त्याला १ ने भागले, उत्तर १०. म्हणून मूळ द्रावण १० मिलिलिटर घ्यायचे आणि पाणी घालून एकूण १०० करायचे. पाणी किती लागले हे मोजायचेच नाही. शेवटी एकूण माप किती झाले, तेच पाहायचे. पहिले द्रावण करतानाही हाच नियम आहे. एक टक्का म्हणजे १ ग्रॅम रंग आणि वर १०० मिलिलिटर पाणी असे नव्हे, तर १ ग्रॅम रंग विरघळवून एकूण १०० मिलिलिटर.

याच नियमाने आणखी एक गैरसमज दूर होतो. काही मंडळी समजतात की नाल्यात सोडायच्या रंगीत पाण्यात चार टँकर साधे पाणी मिसळले की ते निर्धोक झाले. परंतु मीठ तेवढेच, रंग तेवढाच, कॉस्टिक तेवढेच. नदीत गेले ते सगळे गेले, फक्त पाणी वाया गेले. पातळ करणे म्हणजे साफ करणे नव्हे.

पायऱ्या का लागतात?

कोणी विचारेल, निळा एवढा थोडा लागतो तर एक टक्क्याच्या द्रावणातूनच दोन थेंब का घेऊ नयेत? येथेच हातचलाखीचे उस्ताद फसतात. एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब असतात. आमच्या १० ग्रॅमच्या नमुन्याला निळा लागतो ०.४ मिलिग्रॅम. एक टक्क्याच्या द्रावणातून घ्यायचा तर ०.०४ मिलिलिटर, म्हणजे एक थेंबसुद्धा पुरा नाही. ०.१ टक्क्यातून ०.४ मिलिलिटर, म्हणजे आठ थेंब. त्यात एक थेंब इकडेतिकडे झाला तर साडेबारा टक्के चूक. पण ०.०१ टक्क्याच्या द्रावणातून ४ मिलिलिटर घ्यावे लागतात. त्यात एका थेंबाची चूक सव्वा टक्का. म्हणून जितका रंग थोडा, तितके द्रावण पातळ. एका मिलिलिटरपेक्षा कमी मोजायची पाळी आली की समजावे, आणखी एक पायरी हवी.

मात्र प्रत्येक पायरी बरोबर पडली पाहिजे. एका पायरीची चूक पुढच्या पायरीत गुणली जाते. आमची कशी गुणली गेली ते वर सांगितलेच आहे.

काचेची भांडी कशी वापरावी?

मास्तरांनी आमच्याकडून दोनच वस्तू घेवविल्या. लांब मानेचा, मानेवर एकच खूण असलेला मापाचा फ्लास्क आणि मापाची पिपेट. नळकांडे अंदाजाला ठीक, हिशेबाला नाही, असे त्यांनी बजावले. या वस्तूंची किंमत एका बिघडलेल्या लॉटच्या पासंगालाही पुरत नाही. त्या वापरण्याची रीत अशी:

रंगाची भुकटी तोलून छोट्या भांड्यात घ्यावी. प्रथम थोड्या पाण्यात कालवून लापशी करावी, गाठी मोडाव्यात, मग आणखी पाणी घालून पूर्ण विरघळवावी. पाणी किती गरम असावे हे रंगाच्या जातीवर आहे. कोल्ड ब्रँडच्या रिॲक्टिव्ह रंगाला उकळते पाणी घातले तर रंग पाण्याशीच संयोग पावतो आणि कापडाला धरत नाही.

द्रावण फ्लास्कमध्ये ओतावे. भांडे दोन-तीन वेळा थोड्या पाण्याने खंगाळून तेही फ्लास्कमध्येच ओतावे. भांड्याला चिकटलेला रंगही तोललेल्या वजनातलाच आहे.

द्रावण गरम असेल तर थंड होऊ द्यावे आणि मगच खुणेपर्यंत भरावे. गरम पाणी फुगलेले असते. गरम असताना खुणेला आणले तर थंड झाल्यावर ते खुणेखाली उतरते आणि द्रावण ठरल्यापेक्षा तीव्र होते. काचेवर २० अंश किंवा २७ अंश असे छापलेले असते. ते माप त्या उष्णतामानाचे आहे असा त्याचा अर्थ.

खुणेजवळ आल्यावर थेंबथेंब पाणी घालावे. खूण डोळ्याच्या रेषेत आणावी. वरून पाहिले तर एक दिसते, खालून दुसरे. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो, त्या खोलगटाचा तळ खुणेला टेकला पाहिजे. गडद रंगात तळ दिसत नाही, तेव्हा वरची कड पाहावी, परंतु मग प्रत्येक वेळी वरचीच पाहावी. पाणी खुणेच्या वर गेले तर थोडे काढून बरोबर करू नये, कारण काढलेल्यात रंगही जातो. ते द्रावण टाकून नवीन करावे. आमच्या मुलाला हे सर्वात जड गेले. फेकायला हात धजत नाही.

शेवटी बूच लावून फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करावा. नुसता हलवू नये. मानेतले पाणी वरच राहते, तळाचा रंग तळाशीच.

पिपेटबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. फ्लास्क साध्या पाण्याने ओला असला तरी चालतो, कारण त्यात पाणीच भरायचे आहे. पिपेट मात्र पाण्याने ओली चालत नाही. जे द्रावण घ्यायचे त्यानेच ती आधी खंगाळून घ्यावी. पिपेट मूळ बाटलीत कधी बुडवू नये, थोडे द्रावण वेगळ्या भांड्यात काढून घ्यावे आणि उरलेले परत ओतू नये. सोडताना पिपेटचे टोक भांड्याच्या आतल्या बाजूला टेकवून आपोआप रिकामी होऊ द्यावी. फुंकून काढण्याची खूण पिपेटवर नसेल तर टोकातला शेवटचा थेंब फुंकू नये. तो मापात धरलेलाच नाही.

आणि तोंडाने ओढणे बंद! जुन्या उस्तादांना याचा अभिमान असतो. रबरी फुगा मिळतो, तो वापरावा. आज रंग आहे म्हणून तोंडाने ओढणारा उद्या सवयीने कॉस्टिकही तोंडानेच ओढतो.

टक्का वजनाचा की मापाचा?

टेबलावरून आता हौदाकडे येऊ. तेथेही पातळ करण्याचाच हिशेब आहे, फक्त मिलिलिटरच्या जागी लिटर येतात आणि चूक झाली तर बाटलीच्या जागी हौद वाया जातो.

बाजारात कॉस्टिकचे तयार पाणी ४८ टक्क्यांचे मिळते. आमचा माणूस समजत होता की ४८ टक्के म्हणजे एका लिटरमध्ये ४८० ग्रॅम. तसे नाही. हा टक्का वजनाचा आहे. शंभर किलोत ४८ किलो. हे पाणी जड असते, एक लिटरचे वजन सुमारे दीड किलो भरते. म्हणून एका लिटरमध्ये ७२० ग्रॅम कॉस्टिक असते. १०० लिटरच्या हौदात लिटरला २० ग्रॅम हवे असेल तर एकूण लागतात २००० ग्रॅम. २००० भागिले ७२०, म्हणजे पावणेतीन लिटरच्या आसपास. ४८० धरून हिशेब केला तर चार लिटरच्या वर जाते, म्हणजे दीडपट. ५० टक्क्यांच्या पेरॉक्साईडचेही तसेच. त्याचे एक लिटर सुमारे १.२ किलो भरते आणि त्यात ६०० ग्रॅम माल असतो, ५०० नव्हे. म्हणून कॅनवर टक्का लिहिलेला असेल तर विशिष्ट गुरुत्वही विचारून घ्यावे.

ट्वाडल मीटर वापरणाऱ्यांसाठी सोपा हिशेब आहे. विशिष्ट गुरुत्वातून १ वजा करून २०० ने गुणले की ट्वाडल अंश मिळतात. १.५ गुरुत्व म्हणजे १०० अंश. पण येथेही गरम-थंडाचा फास आहे. कॉस्टिक पाण्यात घातले की पाणी तापते. तापलेल्या द्रावणात मीटर खोल बुडतो आणि अंश कमी दाखवतो. कामगार म्हणतो, कमी पडले, आणखी टाका. रात्री थंड झाल्यावर सकाळी तेच द्रावण तिखट निघते. म्हणून थोडे द्रावण काढून, थंड करून, मगच मोजावे.

आधी पाणी, मग तेजाब

येथवर पैशाच्या नुकसानीची गोष्ट झाली. आता ज्यासाठी आम्ही खरे म्हणजे लेखणी हाती घेतली ते लिहितो.

आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा कामाला होता. सातवीनंतर शाळा सुटलेली. त्याला सांगितले, बालदीत कॉस्टिक भिजव. त्याने बालदीत पाच किलो पापडी ओतली आणि वरून तांब्याभर पाणी टाकले. क्षणात ते उकळून वर उडाले. मुलाने किंकाळी फोडली. कोणी म्हणाले लिंबू पिळा, कोणी म्हणाले दही लावा. त्या गोंधळात दोन-तीन मिनिटे गेली, मग कोणीतरी त्याला नळाखाली नेले. एक डोळा वाचला. दुसऱ्याने त्याला आज धुरकट दिसते.

दोष त्या मुलाचा नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याला सांगणे आमचे काम होते. त्याचा औषधोपचार आम्ही केला, आजही तो आमच्याकडे हिशेबाच्या कामावर आहे. परंतु गेलेला डोळा कोणत्याही मजुरीने भरून येत नाही. आमच्या डाय हाऊसच्या भिंतीवर आता मोठ्या अक्षरात, उर्दूत आणि मराठीत लिहिले आहे: आधी पाणी, मग तेजाब.

याचे कारण समजून घेतले की नियम विसरत नाही. सल्फ्युरिक तेजाब पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता निघते. तेजाब पाण्यापेक्षा जड आहे, जवळजवळ १.८४ पट. पुष्कळ पाण्यात थोडे तेजाब हळूहळू सोडले तर ते खाली बुडत मिसळते आणि उष्णता साऱ्या पाण्यात वाटली जाते. उलट तेजाबावर पाणी टाकले तर हलके पाणी वरच तरंगते, तेथल्या तेथे उकळते आणि तेजाबाचे शिंतोडे घेऊन उडते. कॉस्टिकच्या पापडीचेही तसेच. थंड पाणी आधी, त्यात पापडी थोडी थोडी, ढवळत ढवळत. गरम पाणी घेऊ नये. ॲल्युमिनियमचे भांडे मुळीच घेऊ नये. कॉस्टिक ते खाते आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो.

हायड्रोसचा स्वभाव आणखी वाईट. भरपूर पाण्यात थोडे हायड्रोस टाकले तर ते सरळ विरघळते. पण हायड्रोसच्या डब्यात थोडे पाणी गेले, ओली पळी बुडाली किंवा घामाचा हात लागला, तरी ते आतल्या आत तापून पेटते. डबा कोरडा, पळी कोरडी, झाकण लगेच बंद.

हायपोक्लोराईट आणि तेजाब यांची बालदी, पळी, माप सर्व वेगळे असावे. ब्लीचनंतर तेजाबाचे पाणी द्यायचे असते, म्हणून या दोन वस्तू एकाच खोलीत फिरतात. एकाच बालदीत मिसळल्या की क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुस जाळतो. वाया गेलेले हायपो आणि वाया गेलेले तेजाब एका मोरीतही ओतू नये.

तीव्र ॲसेटिक १६-१७ अंशांखाली गोठते. थंडीच्या पहाटे कॅनमध्ये बर्फासारखा गोळा होतो आणि कोणीतरी कॅन चुलीजवळ नेतो. त्याची वाफ पेट घेते. कॅन कोमट पाण्याच्या टपात ठेवावा, झाकण सैल करून. अर्धे गोठलेले असताना वरचे पातळ ओतून मोजूही नये. पूर्ण वितळून एकजीव झाल्यावरच मापावे.

पेरॉक्साईड एकदा कॅनमधून काढले की परत ओतू नये. लोखंडाचा गंज किंवा तांब्याचा कण आत गेला तरी ते फसफसू लागते आणि घट्ट बंद कॅन फुटू शकतो. त्याच्या झाकणाला वायू जायला छिद्र असते, ते बुजवू नये.

एवढे करूनही अंगावर उडालेच तर एकच इलाज: वाहते पाणी, लगेच, निदान वीस मिनिटे, डोळा उघडा धरून, आणि मग डॉक्टर. लिंबू नाही, सोडा नाही, दही नाही. डोळ्यावर चष्मा आणि हातात रबरी मोजे असले तर ही वेळच येत नाही.

येथे एक गोष्ट व्यापारी बांधवांना सांगणे जरूर आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तेजाबाच्या किरकोळ विक्रीवर बंधने घालण्याचे आदेश दिले. विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता नोंदवावा, ओळखपत्र पाहावे, अठरा वर्षांखालील कोणाला देऊ नये. तेव्हा पोऱ्याच्या हाती बाटली देऊन तेजाब आणविण्याची जुनी रीत आता सोडलेली बरी.

द्रावणालाही वय असते

बाटलीवर '०.१ टक्का' लिहिले म्हणजे ते कायम ०.१ टक्का राहत नाही. रिॲक्टिव्ह रंगाचे द्रावण पाण्यातच हळूहळू निकामी होते, कोल्ड ब्रँडचे तर लवकर. ते रोज ताजे करावे. बाटली रंगीत दिसते, पण तो रंग कापडाला धरत नाही. डोळा येथे साक्ष देत नाही.

हायपोक्लोराईट ऊन आणि उष्णतेत उतरते. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला कॅन महिनाभरात पुष्कळ उतरतो. म्हणून पातळ करण्याआधी त्याची ताकद पाहावी. रीत अवघड नाही. १० मिलिलिटर हायपो फ्लास्कमध्ये घेऊन २५० करावे. त्यातले २५ मिलिलिटर घ्यावे, म्हणजे मूळचे बरोबर १ मिलिलिटर आले. त्यात पोटॅशियम आयोडाईड आणि ॲसेटिक घातले की ते तपकिरी होते. मग ०.१ नॉर्मल थायोसल्फेट ब्युरेटमधून थेंबथेंब सोडावे. फिके पिवळे झाल्यावर स्टार्चचे पाणी घालावे, निळे होते. निळे जाऊन स्वच्छ झाले की थांबावे. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागले त्याला ३.५५ ने गुणले की लिटरला किती ग्रॅम क्लोरीन आहे ते कळते.

समजा २० मिलिलिटर लागले. म्हणजे लिटरला ७१ ग्रॅम. ५०० लिटरच्या हौदात लिटरला २ ग्रॅम हवे असेल तर १००० ग्रॅम लागतील, म्हणजे १४ लिटर हायपो. कॅन ताजा समजून ११० ग्रॅम धरले असते तर ९ लिटरच टाकले असते, आणि मग पांढरा पिवळट आला म्हणून पुन्हा पाण्यालाच बोल लावला असता.

चिठ्ठी आणि वही

त्या बदामी लॉटनंतर आम्ही दोन सवयी लावल्या. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: काय आहे, किती टक्के, कोणत्या दिवशी केले, कोणी केले. चिठ्ठी नसलेली बाटली ओळखण्याचा प्रयत्न करायचा नाही, वापरायची तर नाहीच. दुसरी, एक वही. त्यात 'टाकले' हा शब्द बंद केला. त्याऐवजी लिहायचे: '१० मिलिलिटर घेतले, १०० पर्यंत भरले.' हे 'पर्यंत' आम्हाला १८०० मीटर कापडाला पडले आहे. वाचकांनी ते फुकट घ्यावे.

मोठ्या गिरण्यांत आता द्रावण मोजून देणारी यंत्रे आली आहेत. आपल्या लहान कारखान्यांत हे काम अजून हातानेच चालते आणि बहुधा सर्वात लहान, सर्वात कमी पगाराच्या मुलाकडे असते. दोनशे किलो मालाचा रंग त्याच्या बोटांत असतो, त्याचा स्वतःचा डोळाही तेथेच असतो. त्याला एक दिवस बसवून शिकवावे. शाळेतले मास्तर शेजारीच असतात, बोलावले तर आनंदाने येतात. आमच्याकडे तो नमुन्यांचा मुलगा आज टेबल सांभाळतो आणि नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो, "दहात शंभर टाकायचे की दहाचे शंभर करायचे?"

जे पोर चुकीचे उत्तर देते, त्याला तो रागावत नाही. फ्लास्क हातात देतो आणि म्हणतो, भरून दाखव.